अप्पांचं शपथपत्र

आमच्या बाररूममध्ये शनिवारी कायदा वाचून दाखवायची पद्धत होती. आजच्या तरुण वकिलांना सांगितलं तर ते हसतात. पण तेव्हाच्या लातुरात त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बारमधले निम्मे बुजुर्ग वकील हैद्राबादेत शिकलेले. त्यांचं सगळं वकिलीचं शिक्षण उर्दूत झालेलं आणि निजामाच्या काळात त्यांनी कोर्टातही उर्दूतच युक्तिवाद केलेला. राज्य बदललं, कोर्टाची भाषा बदलली, आणि ही माणसं ऐन उमेदीत पुन्हा मुळाक्षरांवर आली. मराठी त्यांनी सावरून घेतली. इंग्रजी मात्र बऱ्याच जणांना अक्षराला अक्षर लावत वाचावी लागे. कायदा त्यांना आमच्यापेक्षा चांगला कळायचा, पण तो आता ज्या कागदावर छापून यायचा तो कागद त्यांचा राहिला नव्हता.

म्हणून शनिवारी दुपारी कोर्ट उठलं की बारमधल्या सगळ्यात धाकट्या, इंग्रजी बऱ्यापैकी येणाऱ्या वकिलानं आठवड्यात आलेली राजपत्रं आणि निवाड्यांचे अंक घेऊन बसायचं आणि सरकारनं कोणता कायदा बदलला, वरच्या कोर्टानं काय ठरवलं, हे मराठीतून सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं, कोणी टिपून घ्यायचं. दोन वर्षं हे काम माझ्याकडं होतं. त्यातल्या एका शनिवारविषयी मी लिहितो आहे. आज माझं वय पन्नाशीच्या पुढं आहे, मी नांदेडला वकिली करतो, आणि ही गोष्ट मी घरातही कोणाला सांगितलेली नाही.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. रोज एखादं नवं कार्यालय यायचं आणि भाड्याच्या घरात उघडायचं. साहेब लोकांना राहायला जागा हव्या होत्या. ज्या घरमालकांना आपले भाडेकरू वर्षानुवर्षं आठवले नव्हते, त्यांना ते एकाएकी आठवायला लागले. भाड्याच्या दाव्यांची रीघ लागली. त्यात पावसानं दुसऱ्या वर्षीही तोंड फिरवलेलं. कोर्टाशेजारच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा तेव्हा घागरींच्या आवाजानं कोर्टातलं बोलणं ऐकू यायचं नाही.

त्या शनिवारी मला नांदेडची गाडी पकडायची होती. मुलगी बघायला जायचं होतं. सदऱ्याला इस्त्री करून घेतली होती, आणि राजपत्राचा गठ्ठा मी सकाळी चाळला होता फक्त. समासातल्या टिपा तेवढ्या वाचून पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या.

मी बसलो तसे एक बुजुर्ग म्हणाले, "हां, बॅरिष्टर, या आठवड्याला काय नवं पाडलं सरकारनं? पाऊस तर त्याला पाडता येईना."

"कायदा पाडायला ढग लागत न्हाईत," दुसरे म्हणाले. सगळे हसले.

मी भराभरा सांगत गेलो. आमच्याकडचा भाडेकायदा हैद्राबाद राज्याच्या वेळचा, निराळा होता. भाडे नियंत्रकाच्या हुकुमावर तीस दिवसांत जिल्हा न्यायाधीशांकडं अपील करावं लागे. मी सांगितलं, "आता तिसाचे साठ केले आहेत."

"साठ?" कोपऱ्यातून अप्पांनी विचारलं. "पक्कं?"

"पक्कं, अप्पा. छापून आलंय."

अप्पा उदगीरकडचे. कपाळावर भस्माची बोटं, गळ्यात लिंग, आणि बोलणं सगळं जुन्या उर्दू दफ्तरातलं. बारमध्ये त्यांच्याएवढं दिवाणी काम कोणाला येत नव्हतं. त्यांनी उर्दूत दोन ओळी लिहून घेतल्या. मी गाडी पकडली. त्या मुलीशी माझं जमलंही नाही.

दीड महिना झाला असेल. दुपारच्या सुट्टीत अप्पा बाररूममध्ये आले. चेहरा हसरा होता, पण घाम आला होता.

"ओ वकीलसाब," ते मला म्हणाले. आपल्या नातवाच्या वयाच्या वकिलालाही ते वकीलसाबच म्हणत. "जरा ते गॅझेट काढा. अपील दाखल करायला गेलो, तर शिरस्तेदार म्हणून राहिला मुद्दत संपली. तीसच दिवस म्हणतो. म्हटलं, बाबा, तुमच्यापर्यंत आलं नसंल, आमच्या बारमध्ये आलंय."

बाकावर दहाबाराजण बसलेले. मी उठून कपाटाकडं गेलो. गठ्ठा लगेच सापडला. माझीच पेन्सिलची खूण. आणि पानाच्या डोक्यावर ठळक छापलेलं: विधेयक.

ते विधेयक होतं. सभागृहात मांडायचं होतं, मंजूर व्हायचं होतं. कायदा झालाच नव्हता. तीसचे तीसच होते.

माझे हात गार पडले. हे मी वाढवून लिहीत नाही. उन्हाळा होता, पत्र्याखाली बसवत नव्हतं, आणि माझी बोटं गार पडली. तो शब्द मी त्या दिवशी पाहिला होता की नाही, हे मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. पाहून पुढं गेलो असेन, याची मला जास्त भीती वाटते.

"मिळालं का?" मागून अप्पांचा आवाज.

"नाही, अप्पा. गठ्ठा इकडंतिकडं झालेला दिसतोय. उद्या शोधतो."

ती पानं मी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बॅगेत टाकली. हे करताना माझी पाठ सगळ्यांकडं होती. कोणीतरी खोकलं आणि मला वाटलं, संपलं.

घाबरण्याची कारणं मला होती, आणि ती लिहिली पाहिजेत. नव्या जिल्ह्याला नवे सहायक सरकारी वकील नेमायचे होते. माझ्या सीनियरांनी माझं नाव सुचवलं होतं, आणि यादी वर जायची होती. वडील लोह्याजवळच्या खेड्यात कोरडवाहू शेतीवर होते. या नोकरीचं त्यांनी गावभर सांगून टाकलं होतं. कायदा आणि विधेयक यांतला फरक न कळणारा वकील, ही गोष्ट बारमधून निघाली असती तर संध्याकाळपर्यंत कलेक्टर कचेरीत पोचली असती. त्या दिवसांत मला कोणी मागून हाक मारली की मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढं जायचो. बॅग मी कोणाला उचलू देत नव्हतो. ती पानं जाळायचं धैर्य नव्हतं आणि परत ठेवायचंही नव्हतं. आठ दिवसांनी भलत्याच वर्षाच्या गठ्ठ्यात घुसवून दिली.

पण हे सगळं माझ्यापुरतं. ज्या बाईचं अपील होतं तिला मी तोपर्यंत पाहिलंही नव्हतं.

अप्पा एका सकाळी म्हणाले, "चला माझ्यासंगं. बाईच्या सह्या घ्यायच्यात. विलंब माफीचा अर्ज देऊ. तुमचं इंग्रजी चांगलं हाय, तुम्हीच लिहा."

मी नाही म्हणू शकलो नाही.

ती सरकारी दवाखान्यात दाई होती. चाळिशी ओलांडलेली, नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. गंज बाजाराच्या मागं एका व्यापाऱ्याच्या मोठ्या घराच्या परसात तिची एक खोली होती, बारा वर्षांपासूनची. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मुलींची दप्तरं. दारासमोर आड होता. सगळ्या गल्लीचे आड आटले होते, याला पाणी होतं. मालकानं स्वतःच्या गरजेचं कारण दाखवून दावा केला होता आणि भाडे नियंत्रकानं ताबा द्यायचा हुकूम दिला होता. खरी गरज त्या पाण्याची आहे हे गल्लीतलं पोरही सांगत होतं.

आम्ही बसताच तिनं आडातून पोहरा ओढला आणि दोन पेले पुढं केले.

"प्या, वकीलसाब. आडाचं हाय, टँकरचं न्हाई."

मी पेला ओठाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"बाई, दुसरीकडं खोली बघून ठेवली का?" अप्पांनी विचारलं. "समजा, हां. नुसतं समजा."

"बघितली की अप्पा. चार ठिकाणी गेले. खोली हाय म्हणतेत, भाडं सांगतेत, मग आडनाव इचारतेत. आडनाव सांगितलं की म्हणतेत, कालच दिली." ती हसली. "लातुरात लई खोल्या कालच दिल्यात."

अप्पा हसले नाहीत.

"अन् तिकडं गेले तरी पानी? हितं मी माझ्या हातानं शेंदते. तिकडं कुनी वरून ओतायची वाट बघत बसायचं का? माझ्या आईनं बघितली. मी न्हाई बघायची, अन् पोरी तर न्हाईच." मग ती एकदम अप्पांकडं वळली. "पर तुमीच म्हनला होता ना, घाई न्हाई बाई, सरकारनं मुद्दत वाढिवली. मी तर इसाव्या दिवशीच आले होते."

"हाव," अप्पा म्हणाले. "मीच म्हटलो होतो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी खाली बघत तिच्या सहीसाठी जागा मोकळी सोडत होतो.

दोन दिवस मी निवाड्यांचे अंक उपसले. इतकं मन लावून मी परीक्षेलाही वाचलं नव्हतं. वकिलाच्या प्रामाणिक चुकीमुळं झालेला उशीर माफ करता येतो, असे निवाडे मिळाले. पण प्रत्येकात एक अट होती. चूक कशी झाली, कोणी केली, का केली, हे त्या माणसानं शपथेवर सांगितलं पाहिजे. नुसतं 'गैरसमज झाला' असं मोघम लिहून चालत नाही.

या वेळी मी मथळ्यावर विसंबलो नाही, प्रत्येक निवाडा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. सगळे माझ्याकडंच बोट दाखवत होते.

अप्पांच्या घरी गेलो. ओसरीवर ते पूजा उरकून बसले होते. मी निवाडा मराठीत सांगितला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"म्हणजे ज्यानं चूक केली त्यानंच शपथपत्र द्यायचं."

"हो."

"गॅझेट मिळालं का ते?"

तेव्हा सांगता आलं असतं. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. आत त्यांची सून भाकरी थापत होती, तो आवाज येत होता. मी तोंड उघडलं आणि माझ्याच तोंडून ऐकलं, "नाही, अप्पा."

त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"मग लिहा," ते म्हणाले. "माझ्या नावानं. मी स्वतः राजपत्र वाचलं. इंग्रजी मला नीट येत न्हाई. विधेयकाला मी कायदा समजलो."

माझा हात थांबला. विधेयक हा शब्द मी त्यांच्यासमोर एकदाही उच्चारला नव्हता.

"अप्पा..."

"लिहा, वकीलसाब. उद्या तारीख हाय. बाईचा ताबा गेला तर तुमचं माझं बोलणं काय करायचं?"

मी लिहिलं. माझ्या अक्षरात, माझ्या इंग्रजीत, त्यांचा कबुलीजबाब. त्यांनी खाली उर्दूत दस्तखत केली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर मारली.

सुनावणीच्या दिवशी कोर्ट भरलेलं होतं. न्यायाधीश नवे, पुण्याकडचे. बाई मागच्या भिंतीला टेकून उभी होती, दवाखान्याच्या पांढऱ्या लुगड्यात, सुट्टी न घेता आलेली. मी दुसऱ्या बाकावर. एक पाय दुसऱ्यावर ठेवून बसलो होतो.

मालकाच्या वकिलांनी शपथपत्र हातात घेऊन हवेत हलवलं. "हुजूर, चाळीस वर्षं वकिली केलेला माणूस म्हणतो मला कायदा वाचता येत नाही. मग आजवर काय वाचत होते, पंचांग?"

लोक हसले. बारमधलेही हसले. जे शनिवारी बसायचे, ज्यांनी माझ्या तोंडून ते साठ दिवस ऐकले होते, त्यातलेही दोघं. एकदोघांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्यानं बोलावं. की त्यांनाही इंग्रजी येत नाही हे बाहेर यायला नको होतं?

न्यायाधीशांनी अप्पांना विचारलं, "वकीलसाहेब, हे पान वाचता येईल तुम्हाला?" आणि कायद्याचं इंग्रजी पुस्तक पुढं केलं.

अप्पांनी ते हातात घेतलं. चष्मा नीट केला. बोट ठेवून पहिली ओळ वाचायला लागले. एकेक अक्षर जुळवत, ओठ हलवत. अर्धी ओळ झाली आणि ते थांबले.

"इतकंच येतं, हुजूर."

मी उठायचं ठरवलं. खरंच ठरवलं. पायावरचा पाय काढला, समोरच्या बाकाची कड धरली. सीनियर माझ्या डाव्या हाताला होते. त्यांनी सहज माझ्याकडं पाहिलं, काय झालं म्हणून. मी कड सोडली आणि बसून राहिलो.

चार दिवसांनी हुकूम झाला. अप्पा नक्कल घेऊन माझ्याकडं आले.

"सांगा मराठीत."

मी सांगत गेलो. एका ठिकाणी लिहिलं होतं की अर्जदाराच्या वकिलांचं इंग्रजीचं अज्ञान कोर्टाला प्रत्यक्ष दिसून आलं आहे, आणि अशा वकिलाच्या अज्ञानाची शिक्षा गरीब अशिलाला देणं न्याय्य होणार नाही. ती ओळ मी गाळली.

अप्पांचं बोट कागदावर होतं. "एवढा लांब परिच्छेद," ते म्हणाले, "अन् तुमची मराठी इतकी आखूड?"

मी ती ओळ सांगितली. त्यांनी ती पुन्हा सांगायला लावली. मग म्हणाले, "उशीर माफ झाला ना? ताब्याला स्थगिती हाय ना?"

"आहे. अपील चालेल. तोवर खोली तिचीच."

"मग जाऊन सांगा तिला. मला आज चढण चढवत न्हाई."

मी गेलो. ती आडाच्या कट्ट्यावर कपडे आपटत होती. सांगितलं तसा तिनं पदर तोंडाला लावला. थोरली मुलगी आतून धावत आली आणि आईला रडताना बघून तीही रडायला लागली. मला वाटलं, सुटलो.

मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "वकीलसाब, एक इचारू? कोर्टात समदे म्हनून राहिले होते, चूक अप्पांची. खरंच अप्पांना वाचता येत न्हाई?"

तिथं बार नव्हता, सीनियर नव्हते. मला घाबरवू शकेल असं त्या परसात कोणीच नव्हतं. एक बाई आणि तिच्या दोन मुली. आणि मी म्हणालो, "वय झालं आता त्यांचं."

तिनं कट्ट्यावरचे कपडे पिळून बादलीत टाकले.

"मानूस देवासारखा हाय," ती म्हणाली. "पर माझ्या पोरी हायेत. पुढचं काम तुमीच बघा की, वकीलसाब. तुमाला इंग्रजी येतं."

एका वकिलाचं काम दुसऱ्यानं घ्यायचं तर पहिल्याची ना हरकत लागते. नव्या वकीलपत्रावर त्यानं सही करायची, ही आमच्या धंद्याची रीत. मी ते वकीलपत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. शेवटी बाररूममध्ये अप्पा एकटे होते तेव्हा पुढं ठेवलं. ते अशिलाच्या सहीपर्यंत आले आणि थांबले. कोणाचं काम आहे ते त्यांना कळलं. मी बोलायला लागलो, बाईनंच म्हटलं, मी तिला खूप सांगितलं, असं काहीतरी. त्यांनी हात वर करून मला थांबवलं, पेन मागितलं आणि उजवीकडून डावीकडं आपलं नाव लिहिलं.

"तारखा चुकवू नका," एवढंच म्हणाले.

त्यानंतर शनिवारी ते बसायचे बंद झाले. लोकांनी त्यांच्याकडं दिवाणी कामं द्यायचं हळूहळू थांबवलं. कोर्टाच्या हुकुमातच लिहिलं होतं की यांना वाचता येत नाही. वर्षभरानं ते उदगीरला लेकाकडं गेले. मी दोनदा उदगीरला कामासाठी गेलो आणि दोन्ही वेळा पहिल्या गाडीनं परतलो. पुढं ते वारले. कळलं तेव्हा मी नांदेडच्या कोर्टात होतो. मला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि ते वाटल्याचं भय अजून गेलेलं नाही.

यादीत माझं नाव आलं. ती नोकरी मी सहा वर्षं केली.

ते अपील त्याआधीच मी चालवलं आणि जिंकलो. मालकाची गरज खोटी आहे हे न्यायाधीशांना पटलं. खोली राहिली, आड राहिला, मुली त्याच परसातून शिकून नोकरीला लागल्या. माझ्या हातून जिंकलेलं ते पहिलं काम. ज्युनियर कधीकधी विचारतात, सर, तुमची पहिली जिंकलेली केस कुठली? मी त्यांना दुसरीच कुठली तरी सांगतो.